जमीन असेल तर जामीन

दोन वावरांमधला धुरा नांगरताना फूटभर सरकला, की आमच्या भागात आधी शिव्या होतात, मग मोजणीचा अर्ज होतो, आणि मोजणीची तारीख येण्याआधीच कधीकधी कोणाचं तरी डोकं फुटतं. असंच एक प्रकरण धरून चालू. मालक आणि त्याचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, दोघं वावरात आहेत. शेजारचा शेतकरी धुऱ्यावर येऊन भांडायला लागतो. मालक काठी उगारतो, सालदाराच्या हातात विळा असतो. शेजाऱ्याच्या डोक्याला सात टाके पडतात. रात्री रिपोर्ट, सकाळी दोघांना अटक. कलम दोघांना एकच आणि कोर्टही एकच. जामिनाचा हुकूमसुद्धा एकाच दिवशी, एकाच कागदावर होतो: प्रत्येकी 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

मालक त्या दिवशी संध्याकाळी घरी जेवायला बसतो. सालदार अडीच महिने जेलमध्येच राहतो.

हे प्रकरण मी मांडण्यासाठी रचलं आहे. पण तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर चार दिवस बसून पाहा, असले सालदार तुम्हाला भेटतील. निदान त्यांच्या बायका तरी भेटतील. हुकूम एक असताना एकजण घरी आणि एकजण आत, हे कसं होतं ते इथे सांगायचं आहे.

अटकेपासून सुरुवात करू. पकडलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. राज्यघटनेच्या 22व्या कलमातच तसं लिहिलं आहे. तिथे पोलीस ‘पीसीआर’ मागतात, म्हणजे चौकशीसाठी आमच्या ताब्यात द्या. ती गरज संपली की ‘एमसीआर’ होतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी, सरळ भाषेत जेल. गावात ‘एमसीआर झाला’ हे शब्द शिक्षा झाल्यासारखे बोलले जातात. प्रत्यक्षात तोवर खटला सुरूही झालेला नसतो.

मुळात आपल्या धुऱ्याच्या भांडणात अटक व्हायलाच हवी होती का, हाही प्रश्न आहे. हत्याराने दुखापत करण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम 118(1) आहे, शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं. ज्या गुन्ह्यांना 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथे यांत्रिकपणे अटक करू नका, अटकेची गरज का पडली ते लिहून ठेवा आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, ही नोटीस कलम 35(3) मध्ये आहे. पण गावात तणाव आहे, दोन्हीकडची माणसं ठाण्यासमोर जमली आहेत, ‘आत टाका त्याले’ म्हणून ओरडा चालू आहे. अशा वेळी ठाणेदार नोटीस देतो की बेड्या घालतो, ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

आता गावातला सगळ्यात मोठा गैरसमज. ‘नॉन-बेलेबल लागलं, आता जामीन नाही होत.’ असं नसतं. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तो द्यावाच लागतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या मर्जीवर असतो, एवढाच फरक. कोर्ट तेव्हा पाहतं की हा माणूस पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा तसंच करेल का, आणि गुन्हा किती गंभीर आहे. दोषी आहे की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. म्हणून जामीन मिळणं म्हणजे सुटणं नव्हे आणि जामीन नाकारणं म्हणजे शिक्षा नव्हे. निदान कायद्याच्या पुस्तकात तरी तसंच आहे.

दुसरा गैरसमज पैशांचा. ‘पंधरा हजाराचा जामीन’ ऐकलं की माणसं सावकाराकडे पळतात. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, की मी प्रत्येक तारखेला येईन, आलो नाही तर ही रक्कम भरेन. त्या दिवशी एक रुपयाही भरायचा नसतो. जामीनदार म्हणजे दुसऱ्या माणसाने त्याच्यासाठी दिलेली तशीच हमी. तोही त्या दिवशी काही भरत नाही, फक्त गरज पडली तर भरण्याची ऐपत आपल्यात आहे हे दाखवतो. रोख भरायची सवलत वेगळी असते, आणि ती कोर्टाकडे मागावी लागते.

ऐपत दाखवायची कशाने? शहरात पगाराची स्लिप चालते. आमच्याकडे सातबारा.

मी एकदा जामीनदार राहिलो आहे, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे. गावातल्या एका पोराला मोबाइलच्या चोरीत पकडलं होतं. त्याची माय सकाळीच दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘भाऊ, तुमच्या नावानं वावर हाय. आमच्या नावानं काय हाय? रेशनकार्ड.’ मला नाही म्हणवलं नाही. सातबारा काढला, आठ-अ काढला, आधार, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती, फोटो. कोर्टात गेलो तर तिथल्या कारकुनाने सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यावर बोट ठेवलं. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. आता विदर्भात बोजा नसलेला सातबारा शोधायचा म्हणजे दिवा घेऊन हिंडावं लागेल! मग ऐपतीचा दाखला, ज्याला सगळे ‘सॉल्व्हन्सी’ म्हणतात, त्यासाठी तहसीलच्या चकरा. दाखला हाती येईपर्यंत तेरा दिवस गेले. साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा चारच प्रश्न झाले. आरोपीला कधीपासून ओळखता? आधी कोणाला जामीन राहिलात का? तो आला नाही तर पैसे तुम्हाला भरावे लागतील, हे माहीत आहे का? जमीन तुमचीच का? सुटकेचा कागद जेलात पोचला तोवर संध्याकाळची बंदी झाली होती. पोरगा चौदाव्या दिवशी सकाळी बाहेर आला.

सांगायचं ते हे, की सातबारा असलेल्या माणसालाही हे इतकं सोपं जात नाही. सालदाराच्या घरी तर सातबाराच नाही.

त्याचा भाऊ दुसऱ्याच्या वावरात राबतो. सासरा शेजारच्या जिल्ह्यात आहे, त्याचे दोन एकर आहेत, पण जमीन अजून आज्याच्या नावावर. फेरफार झालेला नाही, सहा चुलत्यांचं सामाईक खातं. ज्याच्याकडे वावर आहे असा ओळखीचा माणूस एकच, तो म्हणजे मालक, आणि तो स्वतःच त्या गुन्ह्यात आरोपी. गावातल्या बाकी शेतकऱ्यांना जखमी शेजाऱ्याचं मन मोडायचं नाही. शिवाय भीती असते की हा पळाला तर आपलं वावर जाईल. ती भीती अगदीच खोटी नाही. आरोपी गैरहजर राहिला तर बंधपत्र जप्त होतं, जामीनदाराला नोटीस निघते, आणि त्याने रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होऊ शकते. पण जबाबदारी बंधपत्रात लिहिलेल्या रकमेपुरतीच असते, आख्ख्या वावराची नसते. आणि जामीनदाराला नको झालं तर कोर्टात अर्ज करून त्यातून मोकळं होता येतं, ही गोष्ट तर जामीन राहणाऱ्यांनाही बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

मग उरतो कोर्टाच्या फाटकाबाहेरचा ‘तयार जामीनदार’. ठरलेले पैसे घेतो, सातबारा खिशातच असतो, कधी खरा, कधी दुसऱ्याच कोणाचा. जामीनदाराने आधी किती जणांची हमी घेतली आहे ते लिहून द्यावं, अशी तरतूद कायद्यात यासाठीच आहे. कागद खोटा निघाला तर नवा गुन्हा, आणि आरोपी पुन्हा आत. सालदाराच्या बायकोने हा मार्ग धरला तर तिला दोष देण्याआधी मी तरी दहादा विचार करेन.

हे सगळं नवं नाही. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने त्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहायला तयार होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात गरिबाला जड जामीन लावण्याच्या पद्धतीवर सडकून टीका केली आणि त्या गवंड्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. ‘आमच्याच भागातला जामीनदार आणा’ हा आग्रह धरू नका, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. तरी सालदाराच्या सासऱ्याला ‘तुमचा जिल्हा वेगळा’ हे आजही ऐकावं लागतं.

पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या जेलांमध्ये अशी माणसं सापडली, की ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ ती खटल्याविना आत होती. ही गोष्ट वर्तमानपत्रातून जगासमोर आणली ती के. एफ. रुस्तमजी यांनी. सीमा सुरक्षा दल उभं करणारे पोलीस अधिकारी, आणि जन्माने आपल्या कामठीचे. त्यांचे लेख वाचून कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी याचिका केली. वेगाने खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात सांगितलं, आणि हजारो माणसं सुटली. खाकीतल्या माणसाने जेलातल्या माणसासाठी लेखणी उचलली, आणि तो माणूस कामठीचा, याचं मला व्यक्तिशः फार अप्रूप आहे.

आज काय चित्र आहे? नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या 2022च्या आकड्यांनुसार देशभरातल्या जेलांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. जेलातल्या चार माणसांमागे तीन. ते सगळे निर्दोष असतील असं कोणीच म्हणणार नाही. पण जेल म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा, असं आपण लहानपणापासून समजत आलो. हा आकडा तसं म्हणत नाही.

आता सालदारासाठी कायद्यात कोणती दारं आहेत, तिकडे वळू. ती आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं दार सुप्रीम कोर्टाच्या 31 जानेवारी 2023च्या निर्देशांचं. जामिनाचा हुकूम झाला की त्याची प्रत ईमेलने जेलमध्ये जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि प्राधिकरणाने का सुटला नाही ते शोधायचं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडत असेल तर ती अट लावू नये, हेही त्यात आहे. आपल्या सालदाराच्या बाबतीत हा महिना आला आणि गेला. कोणी कोणाला कळवलं नाही. तक्रार नेमकी कुणाची करायची, हेही त्याच्या घरच्यांना समजलं नाही.

दुसरं दार मोफत वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया, मुलं आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस, यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जेलात आहे एवढंच पुरेसं. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला लोकअभिरक्षकांचं, म्हणजे आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या वकिलांचं, कार्यालय असतं, 15100 हा फोन नंबर आहे. लोक का जात नाहीत? ‘फुकटचा वकील काय कामाचा’ हे एक. दुसरं कारण म्हणजे खासगी वकिलाला दिलेले आगाऊ पैसे. त्यासाठी शेळ्या विकलेल्या असतात, मग तो वकील सोडवत नाही.

तिसरं दार पैशांचं. 2023 पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत तजवीज होऊ शकते, काही गंभीर विशेष कायद्यांखालचे आरोपी वगळून. जिल्ह्याची समिती ते ठरवते.

आणि चौथं, दिवस मोजण्याचं. पोलिसांनी 60 दिवसांत, मोठ्या गुन्ह्यांत 90 दिवसांत, चार्जशीट दाखल केली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फक्त तो मागावा लागतो. चार्जशीट आल्यावर मागितला तर उशीर झालेला असतो. शिवाय नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर त्याला सोडायचं असतं. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल तर एक तृतीयांश पुरे. फाशी किंवा जन्मठेप असू शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही. कोर्टात तसा अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकावर टाकली आहे. आपल्या सालदाराची कमाल शिक्षा 3 वर्षं, म्हणून त्याचा हिशेब एक वर्षाचा. ऐकायला बरं वाटतं. पण याच कलमात पुढे म्हटलं आहे, की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही.

ही शेवटची ओळ वाचली की मला फासेपारध्यांचा तांडा आठवतो. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून तो गेलाच असं छातीठोक कोण सांगेल? गावात मोटारपंप चोरीला गेला की आधी गाडी कुठे जाते? बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर. एका चोरीत उचललेल्या माणसावर आणखी दोन उघड न झालेल्या चोऱ्या चढल्या, की त्याचे ‘एकापेक्षा जास्त खटले’ झाले आणि 479 चं दार बंद. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने जेलच्या नियमावल्यांमधले जातीवरून कामं वाटणारे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे नियम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे ते तोवर पुस्तकात होते, स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाली तरी.

इथेच आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे बोलतात. सालदार दीड महिना आत आहे. कोणीतरी त्याला सुचवतं, ‘कबूल करून टाक नं. साहेब जेवढे दिवस झाले तेवढीच शिक्षा देईन, घरी जाशील.’ हिशेब चुकीचा नाही. शिक्षा झाल्यावर आधी आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात, तसा कायदाच आहे. म्हणजे ज्याने विळा मारला नाही तो ‘मी मारला नाही’ म्हणत बसला तर आत राहणार, आणि ‘मारला’ म्हणाला तर संध्याकाळच्या एसटीने गावी जाणार. पण कबुलीने शिक्का बसतो. पुढे चारित्र्याचा दाखला मिळत नाही, सिक्युरिटी गार्डची नोकरीसुद्धा मिळत नाही, आणि पुढच्या वेळी ‘पहिलाच गुन्हा’ म्हणून मिळणारी सवलत संपलेली असते. हे सगळं त्याला त्या क्षणी कोण सांगणार? मुलाखतीच्या जाळीपलीकडे बायको असते, आणि तिच्या कडेवर लेकरू.

शेजाऱ्याला विसरून चालणार नाही. डोक्याला सात टाके त्याच्या पडलेत. तिसऱ्या दिवशी बाजारात मालक समोरून मिशीवर ताव देत गेला, तर त्याला वाटणारच की कायदा विकला गेला. त्याचा राग मला सालदाराच्या दुःखाइतकाच खरा वाटतो. त्याला जे मिळायला हवं तेही कायद्यात आहे. एफआयआरची प्रत फुकट, तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवण्याची पोलिसांवर जबाबदारी, आणि जामिनाच्या वेळी आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क, जो सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात ठामपणे सांगितला. मालक धमकावत असेल तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. हे त्याला सांगितलं जात नाही, म्हणून मग त्याला एकच गोष्ट दिसते: कोण आत आहे. आणि आत आहे तो सालदार. डोकं कोणाच्या काठीने फुटलं की विळ्याने, हे ठरायला अजून दोन-तीन वर्षं आहेत, तोवर अर्धे पंच फितूर झालेले असतील.

सालदाराचं पुढे काय झालं? जेलात महिन्याची तपासणी करायला आलेल्या विधी सेवेच्या वकील बाईंनी यादीत त्याचं नाव पाहिलं. विचारलं, ‘जामीन तर झाला आहे, मग तुम्ही इथे कसे?’ तो म्हणाला, ‘माणूस नाही भेटला, मॅडम.’ त्यांनी कोर्टात एका पानाचा अर्ज दिला, की जामीनदाराची अट काढून नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं. संहितेचं कलम 484 सांगतं की बंधपत्राची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर झाला. अडीच महिने जे अडलं होतं ते एका पानाचं काम होतं.

तो गावात उतरला तेव्हा कापसाची वेचणी अर्ध्यावर आली होती. मालकाने दुसरा गडी ठेवला होता, पाडव्यापर्यंतच्या बोलीवर. उचल घेतलेले पैसे अंगावर तसेच. खटल्याची पुढची तारीख 19 ला आहे. आरोपी क्रमांक एक आणि आरोपी क्रमांक दोन, दोघांनी हजर राहायचं आहे. तालुक्याला जायला एसटीचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी. आरोपी क्रमांक एक बुलेटने जाईल.